सादळलेल्या चिवड्याची चव नक्की जाते कुठे?

कोथिंबिरीची_काडी (धागाकर्ती) | शनिवार, रात्री १०.४०

मंडळी, आज घरात चिवड्यावरून वाद झाला म्हणून धागा काढतेय, हसू नका. गेल्या रविवारी पातळ पोह्यांचा चिवडा केला, डब्याचं झाकण नीट लागलं नव्हतं आणि त्यात हा पाऊस, चार दिवसात सादळला. संध्याकाळी चहाबरोबर सासऱ्यांना दिला तर एक घास खाऊन वाटी बाजूला. म्हणे मीठ कमी, तिखट कमी, चवच नाही. मी म्हटलं बाबा हाच चिवडा रविवारी "बरा झालाय" म्हणून खाल्लात, मीठ काय डब्यातून उडून गेलं का. मग तावातावाने मी स्वतः तोंडात टाकला आणि खरं सांगते, मलाही फिकाच लागला! मिरची तीच, खोबरं-दाणे तेच, खवट वास नाही काही नाही, फक्त कुरकुरीतपणा गेलेला.

कढईत मंद आचेवर पाच मिनिटं परतला, गार होऊ दिला, आणि मीठ परत आलं!! म्हणजे हे काय गौडबंगाल आहे? चव जिभेवर असते की दातात की डोक्यात?

आणि याला जोडून दुसरा प्रश्न. बाबांना चार महिन्यांपूर्वी वरखाली पूर्ण कवळी बसलीये. तेव्हापासून रोज एकच पालुपद की कशाला चव राहिली नाही, भाकरी पुठ्ठ्यासारखी लागते. आम्हाला वाटायचं वय झालं, कुरकुर करतात. आज चिवड्यानंतर मला जरा अपराधी वाटायला लागलंय. जाणकारांनी प्रकाश टाका.

आळशी_अजगर | १०.५२

रुमाल टाकून ठेवतो. चार दिवस चिवडा शिल्लक राहतो अशी घरं अजून आहेत हेच आमच्यासाठी नवल.

पिठाची_गिरणी | ११.१५

मी फूड टेक्नॉलॉजीवाला, फरसाणाच्या धंद्यात पंधरा वर्षं गेली, त्यामुळे पहिल्या भागाचं सांगतो. पोहा भाजला किंवा तळला की त्यातलं पाणी निघून जातं आणि आतला स्टार्च काचेसारखा होतो, म्हणजे उपमा म्हणून नाही, शास्त्रातही त्या अवस्थेला काचच म्हणतात. काच वाकत नाही, तडकते. हवेतलं बाष्प आत शिरलं की तोच स्टार्च रबरी होतो, दाताखाली दबतो पण तडकत नाही. आम्ही वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी मोजतो, म्हणजे पदार्थात मोकळं पाणी किती ते, शून्य ते एकच्या मापावर, बऱ्याचशा कुरकुरीत पदार्थांत ती साधारण ०.३५ ते ०.५ च्या मध्ये कुठेतरी गेली की लोक तोंड वाकडं करायला लागतात. परतल्यावर पाणी उडालं, गार झाल्यावर पुन्हा काच. गरम असताना डब्यात भरू नका, वाफ आतच अडकते आणि परत पहिले पाढे पंचावन्न.

आता गंमत. तडकणं म्हणजे आवाज. एक चकली चावली तर एक "कट" होत नाही, शेकडो बारीक भेगा एकामागून एक फुटतात. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स आणि मासिमिलियानो झाम्पिनी यांनी यावर एक प्रयोग केला होता, २००४ साली छापून आला. लोकांना हेडफोन लावून प्रिंगल्स चावायला दिले (प्रिंगल्स का, तर सगळे चिप्स एका साच्यातले, एकसारखे) आणि चावण्याचा आवाज माईकने घेऊन त्यांच्याच कानात परत सोडला, पण मधे फेरफार करून. आवाज मोठा केला किंवा नुसता वरच्या पट्टीतला म्हणजे २ किलोहर्ट्झच्या पुढचा भाग वाढवला की लोक म्हणायचे हा चिप ताजा, जास्त कुरकुरीत. तो भाग दाबला की म्हणायचे हा शिळा. चिप तोच! २००८ चं इग नोबेल मिळालं त्यांना, ते आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं असतं ना, ते.

शंकेखोर_काका | ११.३४

प्रयोग छान, पण उगाच सगळं मेंदूवर ढकलू नका. साधं रसायन आहे. कुरकुरीत पोह्याचा दाताखाली बारीक चुरा होतो, चुरा झाला की पृष्ठभाग वाढतो, मीठ लाळेत पटकन विरघळतं, जिभेला पटकन कळतं. सादळलेला पोहा चिवट, त्याचा चुरा होतच नाही, गोळा होऊन गिळला जातो. मीठ जिभेपर्यंत पोचतच नाही तर चव लागणार कशी. इथे न्यूरॉन कुठे आले?

पिठाची_गिरणी | ११.४१

काका, तुमचा मुद्दा बरोबरच आहे, अर्धा हिशोब तोच आहे. पण हेडफोनवाल्या प्रयोगात चुरा, लाळ, मीठ काहीच बदललं नव्हतं, बदलला फक्त आवाज. उरलेला अर्धा तिथे आहे.

दाढ_दुखीची_दवा | रविवार, सकाळी ८.०५

दाताची डॉक्टर आहे, कवळीबद्दल वाचलं आणि राहवलं नाही. काडी, तुमच्या सासऱ्यांची तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि ती आमच्या खुर्चीत बसून जवळजवळ प्रत्येक कवळीवाले आजोबा करतात.

लोकांना वाटतं दात म्हणजे दगडी जातं, त्याला काय कळतंय. पण दात हाडात सिमेंटने चिकटवल्यासारखा नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो, दात त्यात टांगलेला असतो, झोक्यासारखा म्हणा. त्या पडद्यात स्पर्श ओळखणारे मज्जातंतू आहेत, आणि ते इतके तिखट की समोरच्या दातांवर १ न्यूटनपेक्षाही कमी, म्हणजे शंभर ग्रॅम वजनाच्या आतला दाब पडला तरी कुठून कुठे ढकललं ते त्यांना कळतं. वरखालच्या दातांमध्ये साधारण २० मायक्रॉन जाडीचा वर्ख धरला तरी जाणवतो, आपला केस त्याच्या तीन-चार पट जाड असतो! भातातला बारीक खडा जीभ शोधत नाही, दात शोधतो.

दात काढला की तो पडदाही जातो, तंतूंचं काम संपलं. कवळी हिरडीवर नुसती बसलेली असते, मग हिरडीच्या कातडीला जे ढोबळ समजेल तेवढंच. जाडजूड बोटमोजा घालून तांदूळ निवडायला बसल्यासारखं. आणि वरची कवळी टाळू झाकते, हे कुणी सांगतच नाही आधी. मऊ पदार्थ, म्हणजे खीर, वरण, पिकलं केळं, आपण चावत नाही, जिभेने टाळूवर दाबतो आणि तिथे कळतं गुठळी आहे का, रवाळ आहे का, तुपकट आहे का. तो टाळूच प्लॅस्टिकखाली. आता बोला, भाकरी पुठ्ठाच लागणार ना?

मज्जारज्जू_मावशी | ९.२०

डॉक्टरीणबाईंना दंडवत. मी फिजिऑलॉजी शिकवायचे, आता रिटायर, त्यामुळे शंकेखोर काकांना न्यूरॉन कुठे आले ते सांगायचा हक्क माझा. लांबेल जरा, चहा घेऊन बसा.

तोंडातला स्पर्श, दाब, गरम-गार, मिरचीची आग हे सगळं नेते पाचवी नस, ट्रायजेमिनल. चव नेणाऱ्या नसा वेगळ्या. म्हणजे मीठ एका टपालाने जातं आणि कुरकुरीतपणा दुसऱ्या. चावण्याचा ताल तर मेंदूच्या देठातच (ब्रेनस्टेम, मेंदू मज्जारज्जूला जुळतो तो भाग) बसवलेला आहे, सेकंदाला एक-दोन चावे, आपण लक्ष न देता गप्पा मारत चालू ठेवतो. पण तो ताल आंधळा नाही, दर चाव्याला खालून बातमी येते आणि पुढच्या चाव्याचा जोर बदलतो. कडक चकली चावताना केवढा जोर लावतो आपण, ती एकदम मोडली तर वरचे दात खालच्यांवर धाडकन आपटायला हवेत. आपटत नाहीत, कारण मोडल्याक्षणी जबडा मिटणारे स्नायू सैल पडतात, तुम्ही ठरवायच्या आत. खडा लागला की जबडा थांबतो ते पण तसंच, "अगं खडा" हे शब्द नंतर येतात.

अजून एक मजेशीर गोष्ट, माझी विद्यार्थ्यांना छळायची आवडती जागा. शरीरभर स्पर्शाच्या पेशींची मूळ घरं मेंदू-मज्जारज्जूच्या बाहेर, गाठींमध्ये असतात. जबड्याच्या स्नायूंचा ताण कळवणाऱ्या पेशी आणि दातांचे काही तंतू यांची घरं मात्र थेट मेंदूच्या देठाच्या आत आहेत. बाकी सगळे बाहेर ओसरीवर आणि हे स्वयंपाकघरात.

आता वर काय होतं. एडमंड रोल्स म्हणून ऑक्सफर्डचे शास्त्रज्ञ, त्यांच्या गटाने माकडांच्या ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्समध्ये, म्हणजे डोळ्यांच्या खोबणीच्या वरच्या अंगाला जो मेंदूचा भाग आहे तिथे, एकेका पेशीचं ऐकलं. काही पेशी दाटपणाला बोलतात (चव नसलेला डिंकासारखा पदार्थ कमी-जास्त घट्ट करून दिला होता), काही बारीक कणांच्या खरखरीला, आणि काही स्निग्धपणाला. या तिसऱ्या पेशींना साय दिली तरी बोलतात आणि सिलिकॉन तेल दिलं तरी बोलतात!! सिलिकॉन तेल म्हणजे खाण्याचा पदार्थसुद्धा नव्हे. म्हणजे पेशी तूप ओळखत नाहीये, तूप जिभेवरून सरकतं कसं ते ओळखतेय. आणि माकडाचं साय खाऊन पोट भरलं की त्याच पेशी सायीला थंड पडतात. म्हणजे तिथे नुसती नोंद होत नाही, "अजून हवंय का" हा हिशोब पण तिथेच. आणि चव, वास, स्पर्श ही तिन्ही टपालं त्याच भागात एकत्र येतात, काही पेशींना तर दोन-तीन टपालं एकदम. काका, तुमचा चिवडा तिथे फिका होतो.

माणसांवरही झालंय. २०२३ मध्ये ऑक्सफर्डच्याच फाबियान ग्राबेनहोर्स्ट यांच्या गटाने लोकांना कमी-जास्त फॅटचे मिल्कशेक पाजून स्कॅन काढले, आणि ते मिल्कशेक तोंडात किती घसरतात हे मोजायला काय वापरलं माहितीये? डुकराच्या जिभा. घसरण आणि मेंदूच्या त्याच भागातली हालचाल यांचा मेळ लागला.

आळशी_अजगर | ९.३१

मावशी, नाश्त्याच्या वेळेला डुकराच्या जिभा. धन्यवाद.

शब्दांचा_डबा | ९.५८

+१ मावशी, वाचनखूण साठवली. माझा प्रांत भाषा, म्हणून थोडं अवांतर. जपानीत पदार्थांच्या पोतासाठी चारशेच्या वर शब्द नोंदवलेत म्हणे, आणि इंग्रजीत त्याच्या मानाने अगदीच मोजके. आपण कुठे आहोत? सुचतील तसे टाकतो: कुरकुरीत, खुसखुशीत, चुरचुरीत, करकरीत, कडकडीत, लुसलुशीत, मऊसूत, भुसभुशीत, ठिसूळ, रवाळ, दाणेदार, भरभरीत, पिठूळ, चिवट, वातड, दडस, गिच्च, गिजगिजीत, बुळबुळीत, लिबलिबीत, सरसरीत, फडफडीत, आसट.

यात चकली कुरकुरीत आणि करंजी खुसखुशीत, उलटं म्हणून बघा, घरातल्या कुठल्याही बाईने डोळे वटारले नाहीत तर सांगा. काकडी करकरीत पण चिवडा करकरीत नाही. आणि अर्धे शब्द आवाजाचेच आहेत, हेडफोनवाल्या प्रयोगाची आपल्या आज्यांना गरज नव्हती. अळूच्या फदफद्याचं तर नावच पोतावरून पडलंय.

पिठाची_गिरणी | १०.१०

डबा, हे भारी निरीक्षण आहे. आमच्याकडे इंग्रजीत क्रिस्पी आणि क्रंची यांच्यात फरक करतात, क्रिस्पीचा आवाज वरच्या पट्टीतला, ५ किलोहर्ट्झच्या पुढे, क्रंचीचा खालचा, १.२५ ते २ च्या मधला. पापड आणि गाजर, असं समजा. गाजराचा आवाज बराचसा जबड्याच्या हाडातून कानात पोचतो, म्हणून शेजारच्याला जेवढा ऐकू येतो त्यापेक्षा खाणाऱ्याला मोठा वाटतो. खुसखुशीतला मात्र इंग्रजी शब्द मला आजवर सापडला नाही. मोहनामुळे पीठ धरून राहत नाही, तडकण्याऐवजी विरघळल्यासारखं सुटतं, आवाज जवळपास नाहीच. ऑफिसात मी सरळ "खुसखुशी" लिहायचो, गुजराती मालकाला बरोब्बर कळायचं.

तिसऱ्यांचं_सुकं | ११.२२

आमच्या मालवणात या सगळ्याचं एकच उदाहरण पुरे. तिसऱ्यांचं सुकं, नारळ ताजा, मसाला घरचा, सगळं एक नंबर, आणि एका शिंपल्यात रेती राहिली. कच्च. संपलं. मग बाकीच्या वीस तिसऱ्या कितीही चांगल्या असोत, प्रत्येक घासाला जबडा दबकत दबकत चालतो. म्हणून पाण्यात ठेवून रेती सोडवायची, तीनदा धुवायची, आणि तरी आई पहिला घास स्वतः खाऊन बघायची. मावशी, त्या खरखरीच्या पेशी आमच्या घरात सगळ्यांच्या जाग्या आहेत.

गाजरहलवा_नको | दुपारी १.४०

मी पहिल्यांदाच लिहितेय. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला भेंडी, साय, शिऱ्यातला बेदाणा असं काहीही तोंडात गेलं की उमासाच येतो. घरचे म्हणतात लाड, मारून खायला घाला. मला ते पटत नव्हतं पण बोलता येत नव्हतं. वरचं वाचून वाटतंय त्याला खरंच वेगळं जाणवत असेल का?

मज्जारज्जू_मावशी | २.०५

बाळा, मारून अजिबात नाही. तोंडातल्या स्पर्शाची तीव्रता माणसागणिक खूप वेगळी असते आणि काही मुलांना ती फारच टोचते. जबरदस्ती केली की तो पदार्थ आणि भीती दोन्ही मेंदूत एकाच पानावर लिहिली जातात. त्याला जे पोत आवडतात तिथून सुरुवात कर, भेंडीच हवी तर कुरकुरीत तळून दे. हात लावू दे, वास घेऊ दे, थुंकायची परवानगी दे. वजन वाढत नसेल किंवा पदार्थांची यादी घटत चालली असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखव, ऑक्युपेशनल थेरपिस्ट यावर व्यवस्थित काम करतात. तो लबाडी करत नाहीये एवढं घरच्यांना माझ्या नावाने सांग.

गाजरहलवा_नको | २.११

🙏 हा प्रतिसाद नवऱ्याला फॉरवर्ड केला.

डच_डबेवाला | ४.३०

नेदरलँड्समधून. इथे वाखेनिंगन विद्यापीठात या विषयावर रग्गड काम चालतं. त्यांचा एक जुना प्रयोग आठवतो, तीच चॉकलेटची चव, एकदा दुधासारखी पातळ आणि एकदा कस्टर्डसारखी घट्ट, लोकांना हवी तेवढी घ्या म्हणून सांगितलं. पातळ बरीच जास्त पोटात गेली. तोंडात वेळ कमी, मेंदूला मोजायला सवड नाही. अमेरिकेत केविन हॉल यांनी २०१९ मध्ये वीस जणांना दोन आठवडे फॅक्टरीतलं तयार खाणं आणि दोन आठवडे साधं खाणं दिलं, तयार खाण्यावर लोक दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते आणि भराभर खात होते. ते खाणं मऊ असतं हे त्यातलं एक कारण मानतात, एकमेव नाही. ज्वारीची भाकरी पटापट खाऊन दाखवा बरं.

अजून एक. एकच पोत फार वेळ चालला की मेंदू कंटाळतो, चव तीच असली तरी. सफरचंद खाऊन कंटाळलेला माणूस सफरचंदाचा शिजवून मऊ केलेला गर खाऊ शकतो. हे वाचलं तेव्हा मला एकदम आमरसाबरोबर कुरडई का तळतात ते आठवलं. पिठल्याला बुक्कीने फोडलेला कांदा, वरणभाताला पापड, मिसळीला वरून आयत्या वेळी घातलेली शेव, आधी घातली तर भांडण.

शंकेखोर_काका | ५.१२

फदफद्यात दाणे आणि खोबऱ्याचे काप. बरं, मेंदूला अर्धा हिशोब दिला. पण माझी लाळ मी सोडणार नाही. बाळाच्या उष्ट्या वाटीतली नाचणीची पेज तासाभरात पाण्यासारखी होते, पाहिलंय ना सगळ्यांनी? लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडतं. तेच तोंडात पण चालू असतं, आणि ते प्रत्येकाच्या लाळेत कमी-जास्त असतं, त्याच्या जीनच्या प्रती कुणात दोन तर कुणात दहा. म्हणजे तीच खीर मला सरसरीत आणि बायकोला घट्ट लागू शकते. पस्तीस वर्षं आम्ही यावर भांडतोय.

मज्जारज्जू_मावशी | ५.२०

काका, हा मुद्दा बिनतोड. वहिनींना सांगा दोघंही बरोबर.

दाढ_दुखीची_दवा | ७.४५

काडी, बाबांसाठी चार गोष्टी. घास लहान घ्यायला सांगा आणि दोन भाग करून दोन्ही बाजूंनी एकदम चावायला, एकाच बाजूने चावलं की कवळी उचलते आणि मेंदू सगळं लक्ष तिला धरून ठेवण्यात घालवतो. समोरच्या दातांनी तोडायचं नाही. मऊच मऊ देऊ नका, बिचाऱ्यांच्या पोताच्या बातम्या आधीच कमी झाल्यात, त्यात तुम्ही गिजगिजीत खिचडी दिलीत तर उरलंच काय. गार-गरम, आंबट, खमंग वास, आणि आवाज, ही टपालं अजून चालू आहेत, ती वापरा. पापड, भाजलेले पोहे, मुरमुरे जमतील. सवय व्हायला काही महिने लागतात, आणि कवळी हिरडीला टोचत असेल तर सहन करत बसू नका, घासून घ्यायला पाठवा.

कोथिंबिरीची_काडी | पुढचा रविवार, दुपारी २.१५

मंडळी, उशिरा येतेय, माफ करा. सगळं बाबांना वाचून दाखवलं. दोन दिवस ते एकच वाक्य प्रत्येकाला ऐकवत होते, "मी कुरकुर करत नव्हतो, माझा पडदा गेलाय." शेजारच्या काकांना वाटलं कानाचा.

कवळी एका जागी टोचत होती, ती घासून आणली, हे आम्हाला माहीतच नव्हतं. भाकरी आता पातळ करून चुलीवरच्यासारखी कडक शेकते, तिचे बारीक तुकडे आणि वर ठेचा. पुठ्ठा अजून म्हणतात, पण "बरा पुठ्ठा".

आणि आज. जेवताना मधेच थांबले, चेहरा वेगळाच, मी घाबरले की काय झालं. त्यांनी बोट घालून काहीतरी काढलं आणि ताटाच्या कडेला ठेवलं. तांदळातला खडा, मोहरीएवढा. एरवी खडा लागला तर घर डोक्यावर घेणारा माणूस, आज नुसते त्याच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "लागला की गं."

आळशी_अजगर | २.२०

खडा जपून ठेवा. आणि तांदूळ नीट निवडत जा.

कोथिंबिरीची_काडी | २.२४

निवडलाच होता! चष्मा बदलायला झालाय, माझा.